भोंगा बंद, टाळ चालू: ४०६६ स्विचमधून गळणाऱ्या आवाजाचं एक प्रकरण

पखवाज नाही, पेटी नाही, बुवांचा आवाज नाही. फक्त टाळ. रात्रीचे सव्वादहा, पंचवटीतल्या एका गल्लीत मी स्वेटर घालून भोंग्याखाली उभा, आत हॉलमध्ये पन्नासेक माणसं जोरात भजन करतायत, दारं लावलेली, आणि वरच्या बंद केलेल्या भोंग्यातून छिन् छिन् छिन् छिन्. मध्येच बुवा गाताना 'स' किंवा 'श' आला की एक बारीक फुस्स, बाकीचा शब्द गायब. समोरच्या घरातल्या काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, हे असं रोज चालतं, पूर्ण भजन ऐकवा नाहीतर पूर्ण बंद करा, हे भुताचं भजन नको.

नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बाहेरचे स्पीकर बंद पाहिजेत, मंडळ ते पाळतंही, म्हणजे पाळतोय असं त्यांना वाटत होतं. अँप्लिफायर मागच्या खोलीत कपाटात कुलूपबंद, किल्ली खजिनदारांकडे, ते रोज नऊला घरी जातात. म्हणून त्यांच्या भाच्याने, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक सिलेक्टर बॉक्स करून दिला होता. बॉक्स कपाटात अँपशेजारी आणि त्याचा नॉब लांब पेटीवाल्यापाशी, मधे लॅनची केबल. नॉबचे पाच टप्पे: १ हॉलचा मिक्सर, २ मोबाईलवरचा हरिपाठ, ३ सूचनेचा माईक, ४ मोकळा, ५ बंद. आयडिया चांगली आहे, खोटं कशाला बोलू, ऑडिओ नॉबपर्यंत जातच नाही, नॉबकडून फक्त डीसी व्होल्टेज येतं आणि बॉक्समधली सीडी४०६६ आयसी त्याप्रमाणे आवाजाचा रस्ता उघडते किंवा बंद करते. चाळीस फूट ऑडिओ फिरवला असता तर हम, म्हणजे लाइटच्या वायरिंगची घूं घूं, वेगळाच आला असता.

आता ४०६६ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. चौदा पायांची आयसी, आत चार स्विच, प्रत्येकाला एक कंट्रोल पिन. कंट्रोलचं व्होल्टेज वर नेलं की दोन पायांमध्ये रस्ता तयार, १० व्होल्ट सप्लायवर साधारण १८० ओहमचा, ५ व्होल्टवर तोच जवळजवळ ४७० होतो. कंट्रोल खाली आणला की रस्ता बंद. पण बंद म्हणजे आपल्या भिंतीवरच्या बटणासारखा हवेची फट असलेला बंद नव्हे, आत सिलिकॉनच आहे आणि दोन पायांमध्ये साधारण अर्ध्या पिकोफॅरडचा, म्हणजे अगदी इवलासा, कपॅसिटर तसाच शिल्लक राहतो. हा अर्धा पिकोफॅरड डोक्यात ठेवा.

माझी पहिली चूक सांगतो. त्या रात्री ऐकून मला वाटलं की ही सगळी भोंग्याची करामत आहे, भोंग्यातून तसाही पखवाजचा धुम येत नाही, त्यामुळे सगळंच थोडं थोडं गळत असेल आणि भोंगा त्यातले फक्त टाळ ऐकवत असेल. बॉक्स रविवार कारंजाजवळच्या माझ्या दुकानात आणला, सिग्नल जनरेटर लावला, १ किलोहर्ट्झ, १ व्होल्ट, नॉब 'बंद'वर, आउटपुटला स्कोप, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. रेघ सरळ. म्हणजे अगदी सरळ नाही, माझा स्कोप जुना आहे, मिलिव्होल्टभर गवत, म्हणजे त्याचा स्वतःचाच नॉइज, कायमच असतं त्याला, पण त्या गवतात काही दिसेना. बॉक्स ठीक आहे, तुमच्या वायरिंगमध्ये घोळ असेल, असं सांगून परत दिला. दोन दिवसांनी भाचा परत हजर. काका, टाळ येतायतच.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. मी म्हटलं आयसी डुप्लिकेट असणार. हल्ली हे कारण तोंडावरच असतं सगळ्यांच्या, काही चाललं नाही की आयसी चायना. दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या बॅचची आणली, सॉकेट होतं म्हणून बदलणं दोन मिनिटांचं काम, लावली, हॉलवर नेली, व्हिक्टोरिया पुलावरून गाडी काढत असताना मनात बिलसुद्धा तयार होतं. टाळ तसेच. एका छिन् चा फरक नाही.

मग शहाणपण सुचलं ते भोंगा बाजूला ठेवून. बॉक्सच्या आउटपुटला एक छोटा हेडफोन अँप लावला आणि हेडफोनवर ऐकलं, हेडफोनला तर पखवाज ऐकू यायला काही अडचण नाही ना. तरीही टाळच! पखवाज जवळपास नाहीच. म्हणजे भोंगा बिचारा निर्दोष, बॉक्समधूनच निवडून टाळ येतायत. आणि तक्रार टाळांची असताना मी तपासणी १ किलोहर्ट्झवर केली होती, जिथे टाळ राहतच नाहीत. टाळाचा जीव काही हजार हर्ट्झच्या वर असतो. ताप काखेत आणि मी थर्मामीटर बुटाला लावून बसलो होतो.

परत टेबलावर. या वेळी तीन वारंवारता, तिन्हींना इनपुट १ व्होल्ट, नॉब बंदवर. १० किलोहर्ट्झला आउटपुटवर ५.६ मिलिव्होल्ट, स्कोपवर स्वच्छ साइन वेव्ह, लपायचा प्रश्नच नाही. १ किलोहर्ट्झला साधारण त्याचा दहावा भाग, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास, तो आधी गवतात बुडालेला. १०० हर्ट्झला काहीच दिसत नाही, हिशोबाने ५६ मायक्रोव्होल्ट यायला हवेत. वारंवारता दहापट की गळतीही दहापट. ही कपॅसिटरची सही आहे. उलटं असतं, म्हणजे पखवाज गळतोय आणि टाळ नाहीत असं असतं, तर मी आधी अर्ध्या सप्लायच्या रेफरन्सवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासला असता, कारण सगळ्या चॅनेलचं बायस, म्हणजे आवाज ज्या डीसी पातळीवर बसतो ती, तिथूनच येतं आणि तो सुकला की खालच्या स्वरांची सरमिसळ तिथून होते.

हिशोब अगदी सोपा आहे आणि आपल्या कोटी-लाखात तर फारच छान बसतो. अर्धा पिकोफॅरड १० किलोहर्ट्झला म्हणजे ३ कोटी १८ लाख ओहम. १०० हर्ट्झला तोच ३१८ कोटी. आता स्विचच्या पलीकडच्या बाजूला काय आहे? चारही स्विचचे आउटपुट एकत्र जोडलेत, तिथून टीएल०७२ या ऑप-अँप आयसीचा बफर, म्हणजे आवाज पुढे अँपकडे देणारा टप्पा, आणि त्या जोडावर ४७ हजार ओहमचा एक रेझिस्टर अर्ध्या सप्लायला बांधलेला. म्हणजे वर ३ कोटी, खाली ४७ हजार, १ व्होल्टची वाटणी, खाली आले दीड मिलिव्होल्ट.

दीड! माझ्याकडे तर ५.६ आहेत. बाकीचे चार कुठून आले?

इथे मी जे केलं ते खरंतर पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं: आयसी सॉकेटमधून उपसून टेबलावर ठेवली आणि जनरेटर चालूच ठेवला. ४.१ मिलिव्होल्ट. स्विच जागेवरच नाही आणि तीन चतुर्थांश गळती तशीच! मी नवीन आयसी आणायला सायंकाळी गर्दीत मेन रोडला गेलो होतो त्याची आठवण झाली आणि स्वतःवरच हसलो.

मग झाकण नीट उघडून आत बघितलं. पोराने काम निगुतीने केलेलं, फार निगुतीने, तीच अडचण. चारही इनपुटच्या वायरी आणि आउटपुटची वायर, सगळ्या साध्या, शील्ड नसलेल्या, मागच्या जॅकपासून व्हेरोबोर्डपर्यंत (तांब्याच्या पट्ट्यांचा तयार बोर्ड) एका जुडीत घेऊन दर इंचाला केबल टाय मारलेले. दिसायला एमआयडीसीतल्या कंट्रोल पॅनेलसारखं सुंदर. पण दोन वायरी अशा वीतभर एकमेकींना चिकटून गेल्या की त्यांच्यात काही पिकोफॅरड सहज होतात, मिक्सरची वायर सुदैवाने आउटपुटपासून दोन वायरी सोडून होती म्हणून फक्त १.४ पिकोफॅरडवर भागलं. पॅनेलमध्ये वायरी जुडीत बांधायच्या असतात, ऑडिओत इनपुट आणि आउटपुट यांची सोयरीक होऊ द्यायची नसते. टाय कापले, आउटपुटला शील्डेड वायर घातली, ती बॉक्सच्या दुसऱ्या भिंतीने फिरवली, बोर्डवर मिक्सरचा इनपुट आणि जोडाचा ट्रॅक यांच्यात एक मोकळा ट्रॅक होता तो ग्राउंडला टाकला. आयसी काढलेल्या अवस्थेत १ मिलिव्होल्टच्या खाली, आयसी लावून २.४. म्हणजे निम्म्याहून कमी.

तरी पुरेसं नव्हतं. हेडफोनवर टाळ अजून होतेच, लांब गेले होते एवढंच. भाचा म्हणाला, काका पण मोबाईलवर नॉब ठेवला की टाळ अजिबात येत नाहीत, तेव्हा पण मिक्सरचा स्विच बंदच असतो ना? हा प्रश्न त्याने विचारला आणि खरं सांगतो, केस तिथे सुटली, माझ्या स्कोपपेक्षा पोराचं डोकं चाललं.

बघा, नॉब मोबाईलवर असतो तेव्हा तो जोड मोबाईलच्या ब्लूटूथ मॉड्यूलला २०० ओहमच्या चालू स्विचमधून बांधलेला असतो, मॉड्यूलचे स्वतःचे शंभरेक ओहम, म्हणजे जोडाचं वजन झालं ३०० ओहम. कोटीभर ओहममधून झिरपून आलेला आवाज ३०० ओहमवर काय उभा राहणार, दीडशे पटीने कमी. आणि नॉब बंदवर? त्या पाचव्या टप्प्याला वायरच नव्हती! बंद म्हणजे चारही स्विच बंद एवढंच, जोड अधांतरी, त्याला धरणारा एकटा ४७ हजारवाला रेझिस्टर. जिथे गाणं चालू आहे तिथे गळती नाही आणि जिथे शांतता पाहिजे तिथेच गळती, कारण शांततेला कोणी धरून ठेवलं नव्हतं. हेच सूचनेच्या माईकचं, तिसऱ्या टप्प्यावर ठेवून कोणी माईकची वायर उपटली की जोड पुन्हा मोकळा आणि टाळ पुन्हा हजर, करून बघितलं, तसंच झालं.

मग उपाय उघड होता. बंद करताना फक्त दारं लावायची नाहीत, मधली खोली जमिनीला बांधायची. दुसरी ४०६६ बसवली, तिचा एकच स्विच वापरला, पाय १ जोडाला, कंट्रोल पाय १३ नॉबच्या पाचव्या टप्प्याला. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात आणि पोराने पाचच वापरल्या होत्या हे नशीब. बाकी तीन स्विचचे कंट्रोल आणि पाय ग्राउंडला, ४०६६ सारख्या सीमॉस आयसीचे पाय लोंबकळत ठेवले की ती आयसी स्वतःच्या मनाने वागते.

आणि पाय २? तो मी ग्राउंडला जोडला. कुठलाही माणूस जोडेल. नॉब फिरवला आणि टेबलावरच्या स्पीकरने असा धप्प आवाज काढला की शेजारचा चहावाला डोकावून गेला. अरे, सप्लाय ९ व्होल्टचा एकेरी आहे, जोड अर्ध्यावर म्हणजे ४.५ व्होल्टवर बसलेला आहे, त्याला एका क्षणात शून्यावर ओढलं तर साडेचार व्होल्टची उडी अँपमध्ये जाणारच. हॉलवर हे झालं असतं तर भोंग्याचा ड्रायव्हर गेला असता आणि काकू गॅलरीतून खाली आल्या असत्या. पाय २ ग्राउंडवरून काढला, अर्ध्या सप्लायच्या रेफरन्सला लावला, तिथे ४७ मायक्रोफॅरड आहेच, आवाजासाठी तेही जमीनच. आता नॉब फिरवला की अगदी बारीक टप्. १० किलोहर्ट्झवर स्कोपने हात टेकले, काही दिसेना. हिशोबाने ४७ हजाराच्या जागी २०० ओहम आले म्हणजे २३५ पट कमी, २.४ मिलिव्होल्टचे १० मायक्रोव्होल्ट, डेसिबलमध्ये १ व्होल्टच्या १०० खाली. सूचनेच्या आणि मोकळ्या चॅनेलला असे जॅक बसवले ज्यांच्यात पिन काढली की आतला काँटॅक्ट इनपुट ग्राउंड करतो.

कोणी म्हणेल रिले का नाही लावला. लावता आला असता, रिलेला खरी हवेची फट असते, पण मंडळाने बॉक्स दुरुस्त करायला दिलाय, नवीन बांधायला नाही. प्रत्येक चॅनेलला तीन स्विचचा टी करायचा, म्हणजे दोन ओळीत आणि मधला जमिनीला, ही पद्धत मिक्सर वगैरे मोठ्या कामात चांगली, इथे चार चॅनेलला बारा स्विच म्हणजे तीन आयसी, गरज नव्हती. माझ्या मते नवीन बांधायचं असेल तर स्विच ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग पायाशी ठेवावा, तिथे व्होल्टेज हलतच नाही त्यामुळे स्विचचा रेझिस्टन्स आवाजाबरोबर बदलून जी खरखर आणतो तीही जाते. पोराला ते कागदावर काढून दिलं.

आता वाटलं संपलं. हॉलवर नेऊन लावला, बंदवर पूर्ण शांत, बुवा खुश. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन. मोबाईलचा हरिपाठ बाहेर चालू होता आणि आत टाळांचा गजर जोरात आला की बाहेर हरिपाठात कर्र कर्र.

हे कपॅसिटरचं नव्हे, हे आवाज ऐकताच कळलं. कपॅसिटरची गळती बारीक आणि स्वच्छ असते, हे फाटलेलं होतं आणि फक्त जोराच्या ठोक्याला. शिवाय नॉब मोबाईलवर, जोड पक्का धरलेला. स्कोप घेऊन थेट हॉलवर गेलो आणि मिक्सरच्या इनपुटचा पाय बघितला, वाजवणाऱ्या मंडळींना म्हटलं, माउली, एकदा जोरात होऊ द्या. त्यांना काय, तेच पाहिजे होतं. लाट वर ९ च्या थोडी पुढे जाऊन सपाट, खाली शून्याच्या अर्धा-पाऊण व्होल्ट खाली जाऊन सपाट, चाकूने कापल्यासारखी. मिक्सरचे लाल दिवे पेटलेले. मिक्सर लाल दिव्यापर्यंत सहज आठ-नऊ व्होल्टचं शिखर देतो आणि आपली आयसी ४.५ च्या दोन्ही बाजूंना ४.५ च देऊ शकते. सिग्नल सप्लायच्या बाहेर गेला की आतले संरक्षणाचे डायोड चालू होतात आणि मग बंद स्विच बंद राहत नाही, त्याचा कंट्रोल शून्यावर असला तरी, आणि तो करंट शेजारच्या चॅनेलमध्ये, सप्लायमध्ये, मिळेल तिथे घुसतो. टाळाचा ठोका म्हणजे सरासरी थोडी आणि टोक उंच, म्हणून पहिला तोच पलीकडे जातो.

मिक्सर कमी ठेवा असं सांगून उपयोग नसतो, दुसऱ्या दिवशी कोणीतरी वाढवतोच. मोबाईल सोडून प्रत्येक इनपुटला, तिथल्या कपॅसिटरच्या आधी, ४.७ हजारचे दोन रेझिस्टर लावून सिग्नल अर्धा केला, मिक्सरला नऊ-दहा हजारांचा भार काही जड नाही, आणि जोडाकडून बघितलं तर अडीच हजारांच्या आतच राहतं त्यामुळे मगाशी कमावलेली शांतता फारशी हातची जात नाही. मोबाईलचा आवाज मुळात लहान, त्याला हा वाटा लावला नाही. शिवाय ९ व्होल्टच्या जागी चांगला १२ व्होल्टचा अडॅप्टर दिला, सीडी४०६६ ला १८ पर्यंत चालतं. नॉबलाही तेच १२ जातात हे बरं, भाच्याच्या मनात पुढे नॉब काढून अर्दुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, लावायचं होतं, त्याला बजावलं की १० व्होल्ट सप्लायवर या आयसीला ७ व्होल्टच्या खालचं काही 'चालू' वाटेलच असं नाही, १५ ला ११ लागतात, अर्दुइनोचे ५ व्होल्ट दिलेस तर स्विच अर्धवट उघडेल आणि मला परत बोलावशील. मधे एकेक ट्रान्झिस्टर टाक.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते, त्याच्या आदल्या आठवड्यात मंडळाचा रोजचा सराव असतो, त्या सरावात सलग चार रात्री बॉक्स चालला. पाचव्या रात्री मी मुद्दाम दहानंतर गेलो. गल्लीत थंडी, आत गजर, वर भोंगा गप्प. काकूंच्या गॅलरीचा दिवा बंद होता.

आत बुवांना म्हटलं, एक राहिलंय, नॉब बंदवर नेताना अजून बारीक टप् होतो, दोन्ही बाजूंच्या डीसीत जरा फरक आहे, आणखी एक दिवस द्याल तर तोही काढतो.

बुवा म्हणाले, "तो राहू द्या हो. पेटीवाल्याला अंधारात कळतं तरी, बटण फिरलं म्हणून."